चूक घेऊन ये

काका कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. ऐकू आली तर आली, नाही तर ती गेली. ‘काय म्हणालात?’ असं कुणी विचारलं की ते अशा नजरेने बघत, की विचारणाऱ्याला आपल्याच तोंडून काही वावगं निघालं असं वाटावं. आणि हा माणूस बडोद्याच्या दांडिया बाजारात दुकान कसलं चालवत होता, तर एकोचं. गरब्याचे ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, गिटार वाजवणारी आमच्यासारखी पोरंपोरी, ह्या सगळ्यांची आवाज पुन्हा पुन्हा ऐकवणारी यंत्रं बिघडली की फिरून फिरून काकांच्याच टेबलावर येत. गावभराचे प्रतिध्वनी दुरुस्त करायचे आणि स्वतःचं वाक्य काही दुसऱ्यांदा उच्चारायचं नाही. पहिल्या भेटीत मला ते शुद्ध माजोरडे वाटले. माणसांबद्दलचं माझं पहिलं मत नेहमी असंच असतं, आणि बहुतेक वेळा ते मला गुपचूप मागे घ्यावं लागतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे पडदा आणि पडद्याआड काकू. काका बोलले की दोनेक सेकंदांनी पडद्यामागून त्याच वाक्याचं शेपूट ऐकू यायचं, जरा हळू आणि जरा मऊ होऊन. काका म्हणायचे, ‘आज होणार नाही, गुरुवारी या.’ आतून यायचं, ‘गुरुवारी या हं.’ काका म्हणायचे, ‘ह्यात पाणी गेलंय, तुम्ही लक्ष दिलं नाही.’ आतून, ‘पाणी गेलंय थोडंसं.’ म्हणजे दटावणी तेवढी पडद्यात अडकून राहायची. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं काकांकडे बघतसुद्धा नसत, सरळ पडद्याकडे तोंड करून उभी राहत.

त्यांच्या आणखी दोन तऱ्हा सांगते. एक म्हणजे ते पावलं मोजत. घरापासून देवळापर्यंत, देवळापासून चहाच्या लारीपर्यंत. त्यांच्याबरोबर चालताना बोलायची सोय नव्हती, कारण ओठ हलत असत. मुक्कामी पोचलं की ते एक आकडा सांगत, ‘दोनशे चौदा,’ आणि मग माणसात येत. दुसरी तऱ्हा ही, की त्यांना जेवणाचं विचारलेलं खपत नसे. आता बडोद्यात राहून हे कसं जमायचं? इथे शेजारी भेटला की ‘केम छो’च्या पाठोपाठ ‘जम्या के?’ येणारच. माणूस जेवला काय, न जेवला काय, विचारणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण काका कुणी ‘जम्या?’ म्हटलं की कानशिलापर्यंत लाल होत आणि हातातल्या यंत्राचा स्क्रू पिळू लागत. एकदा तर बिचाऱ्या टपालवाल्याने विचारलं आणि काकांनी पत्र न घेताच दार लावलं. ह्यामागे काय आहे ते मला बरंच उशिरा कळलं.

मी त्यांच्याकडे गेले ती गरजेपोटी. वर्षातले नऊ दिवस सोडले तर मी वाघोडियाच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तेलांचा घट्टपणा मोजते. त्यात वाईट काही नाही, पण तेल घट्ट आहे की पातळ ह्यावर कुणी आजवर टाळी वाजवलेली नाही. उरलेले नऊ दिवस म्हणजे नवरात्र. त्यात मी एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवते. आमचे प्रमुख गुजराती आहेत, सगळे त्यांना नुसतं भाई म्हणतात. त्या वर्षी आम्हाला पहिल्यांदाच मोठं मैदान मिळालं होतं, आणि भाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बेन, मोठ्या मैदानावर तुझी गिटार सुकी वाटेल. त्यात एको आण. नवरात्राआधीच्या रविवारी साउंड चेक आहे, तोपर्यंत आवाज खुलला तर ठीक, नाही तर तुझा भाग कीबोर्डवर वाजवून घेऊ. भाई हे प्रेमाने म्हणाले, पण प्रेमाने काढलेला माणूससुद्धा निघालेलाच असतो. ती जागा गेली असती तर माझ्याकडे फक्त तेलं उरली असती. मला रडू आलं होतं, हे इथे कबूल करून टाकते.

एको म्हणजे आमच्या गिटारवाल्यांच्या भाषेत डिले पेडल. जमिनीवर ठेवायचा, पायाने दाबायचा एक डबा. वाजवलेला सूर हा डबा धरून ठेवतो आणि थोड्या वेळाने परत देतो, एकदा, दोनदा, पाचदा. ह्यात दोन जाती, जुनी ॲनलॉग आणि नवी डिजिटल. ॲनलॉग पेडल सूर परत देतं तेव्हा तो दर खेपेला थोडा विटलेला, थोडा मऊ झालेला असतो, धुऊन धुऊन अंगाला सरावलेल्या सुती साडीसारखा. डिजिटल देतं ती झेरॉक्स. पहिली जशी, तशीच पाचवी. नेटवर ह्या दोन जातींवरून माणसं एकमेकांची अक्कल काढतात. मी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत त्या भांडणांची पारायणं केली आणि होते त्याहून जास्त गोंधळले.

काकांच्या टेबलावर बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, अगदी एकसारखे. एकात ॲनलॉग पेडल कोंबलेलं, दुसऱ्यात डिजिटल. पत्र्याला भोक पाडून वायरी बाहेर काढलेल्या. कुठल्या कंपनीचं, कुठल्या रंगाचं, काही दिसायची सोय नाही. ‘नाव वाचलं की कान बंद होतो,’ काका म्हणाले. ‘कान बंद होतो गं,’ आतून आलं.

मी ऐटीत गिटार जोडली आणि मला सगळ्यात चांगलं येतं ते वाजवलं. दोन्ही डब्यांवर छान वाटलं. मी कौतुकासाठी मान वर केली, तर काकांनी वायर उपटून माझ्या हातात दिली होती.

‘बरोबर वाजवलेलं कशावरही बरंच वाटतं. चूक घेऊन ये.’

‘चूक घेऊन ये हं,’ पडदा म्हणाला.

हीच त्यांची पद्धत होती. डिले निवडायला आलेल्या प्रत्येकाला ते चूक आणायला सांगत. आपली चूक ज्या रूपात परत आलेली आपल्याला सोसते, ते पेडल आपलं, असा त्यांचा हिशेब. कॉलेजातला एक मुलगा माझ्यासमोरच म्हणाला, ‘अंकल, नेटवर तर लिहिलंय की ॲनलॉगच बेस्ट.’ काका म्हणाले, ‘मग नेटवर वाजव.’ काकूंनी आतून ‘वाजव बाळा’ एवढंच म्हटलं, आणि तो मुलगा आशीर्वाद मिळाल्यासारखा खूश होऊन गेला.

दुसऱ्या खेपेला मी चूक घेऊन गेले. लॅबमधल्या माणसाला नमुना बरोबर आणायची सवय असते. मी एक चुकीचा सूर ठरवून आले होते, तो झोकात वाजवून दाखवला. काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. ‘ही बनावट आहे,’ ते म्हणाले. ‘थोडीशी आहे गं,’ आतून आलं. काकूंनाही माझी दया आली असावी.

मग काका म्हणाले, ‘चलती वाजव.’ गरबा हळू सुरू होतो आणि मग एका जागी ढोल उचलून धरतो, लय दुप्पट होते, त्याला चलती म्हणतात. काकांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, वाढवला, आणि मी वाजवायला लागले. उजव्या डब्यावर तर बहार आली. सूर एकमेकांत मिसळून असे काही परत येत होते की मला वाटलं, अरे, मी एवढी बरी वाजवते? काकांनी वायर डाव्या डब्यात घातली. आणि मी जे ऐकलं ते अजून विसरलेले नाही. लय वाढायच्या त्या जागेवर माझा हात प्रत्येक वेळी किंचित आधी पडत होता. केसभर आधी. पण डबा तो केस पाच वेळा परत देत होता, तितक्याच जोरात, तितकाच धारदार. आठ वर्षं मी गिटार वाजवत होते आणि मी उतावळी आहे हे मला माहीतच नव्हतं. खरं तर घरी आई हे रोज सांगायची, पण आईचं कोण ऐकतं?

‘उजवा आवडला ना?’ काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

‘आवडणारच. तो झाकतो.’

‘झाकतो हो,’ काकू म्हणाल्या, आणि मग वाक्यात नसलेलंही काहीतरी जोडलं. ‘खोटं लावून घेऊ नकोस गं.’ वाईट वाटून घेऊ नकोस ह्याचं हे आमचं बडोद्याचं मराठी. ते ऐकलं की मला निम्मं वाईट वाटायचं बंद होतं.

घे हा, नको तो, असं मात्र काकांनी अवाक्षराने सांगितलं नाही. दोन्ही डबे त्यांना सारखेच प्रिय होते. उलट ते सगळी माणसंच ह्या दोन जातींत वाटून टाकत. समोरचे वकील डिजिटल, कारण त्यांनी एक तक्रार सुरू केली की ती पाचव्या दिवशीही पहिल्याच धारेने येते. देवळातले पुजारी ॲनलॉग, त्यांचा राग प्रदक्षिणा संपेपर्यंत विरतो. माझ्या बाबांना ते एकदाच भेटले होते. ‘डिजिटल,’ त्यांनी निकाल दिला. हे मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा बाबांनी आपण तसे नाही हे आम्हाला चार दिवस, रोज दोनदा, त्याच शब्दांत समजावून सांगितलं. काकू कोण, हे विचारायची गरज नव्हती. आणि स्वतः काका? मी विचारलं तर म्हणाले, ‘मी बंद पेडल.’

मी शेवटी डावा डबा घेतला, डिजिटल. भाईंना तो आवडला कारण पायाने ठेका दिला की तो त्याच लयीत सूर परत देतो, चलतीला पळणाऱ्या ढोलाबरोबर पळतो. मी घेतला तो भीतीने. झाकणारा डबा घेतला असता तर मी जन्मभर केसभर आधीच राहिले असते, आणि वर स्वतःवर खूशही राहिले असते. रोज कारखान्यातून आले की मी तासभर ती चूक ऐकत बसे. पाच-पाच वेळा ऐकून मला तिचा एवढा कंटाळा आला की तीन आठवड्यांत ती आपणहून निघून गेली. गेल्या वर्षी काका-काकू मुलीकडे नाशिकला कायमचे राहायला गेले, तेव्हा जाताना काकांनी उजवा डबाही माझ्या हातात ठेवला. म्हणाले, ‘एकटी असताना झाकलं तर चालतं.’ मी तो घरी वाजवते.

पण मधली गोष्ट राहिली. पेडल घेतल्यावरही मी दुकानात जात राहिले, बहुतेक काकूंच्या आवाजासाठी. एका शनिवारी काका काही सामान आणायला लहरीपुऱ्याला गेले होते आणि काकू पडद्याबाहेर येऊन भाजी निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, ‘काकू, काकांना जेवणाचं विचारलेलं का चालत नाही?’

काकूंनी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग शेंगांची टोपली बाजूला सारली.

‘ते वाघोडियाला कंपनीत होते ना,’ त्या म्हणाल्या, आणि कंपनीचं नाव सांगितलं. ती माझीच कंपनी. ‘तिथे चार शेडवर चार भोंगे होते. ऑफिसातून काही सांगितलं की आधी जवळच्या भोंग्याचं ऐकू यायचं, मग लांबच्याचं, मग त्याहून लांबच्याचं. तेच वाक्य तीन-तीनदा, एकावर एक. सूचना काय दिली ते कुणाला कळायचं नाही, माणसं काम टाकून एकमेकांना विचारत बसायची. ह्यांच्या ते डोक्यात बसलं. तीन वर्षं त्यामागे लागले होते. शेडशेडमधली पावलं मोजली, कुठली कुठली मशिनं मागवली. म्हणायचे, माणसाला बोललेलं एकदाच ऐकू आलं पाहिजे, पण नीट ऐकू आलं पाहिजे.’

‘मग जमलं?’

‘जमलं की. तेच तर झालं.’ काकू हसायला लागल्या. ‘ज्या दिवशी सगळं जोडलं त्याच दिवशी माझ्या भावाची वास्तुशांत होती. हे येतो म्हणाले आणि आले नाहीत. मी रागावून त्यांच्या ऑफिसात फोन लावला. हे माइकपाशीच बसले होते. एक-दोन-तीन बोलून झालं होतं आणि बटण बंद करायचं राहिलं होतं. इकडे मी फोनवर तोंडसुख घेतेय, तिकडे हे मला समजावतायत. म्हणाले, येताना लहरीपुऱ्याहून लिलो चेवडो आणतो. पण रागावू नकोस. तू रागावलीस की मला जेवण जात नाही.’

मी हातातली शेंग तशीच धरून बसले.

‘आख्ख्या कंपनीने ऐकलं गं. चारी शेडमध्ये. एकदाच, आणि स्वच्छ. आदल्या दिवशी बोलले असते तर कुणाला एक अक्षर कळलं नसतं.’

त्या दिवसापासून कंपनीत जो तो त्यांना विचारायचा, साहेब, जम्या के? मोठा साहेब विचारायचा, फाटकावरचा वॉचमन विचारायचा. काकांनी निवृत्त होईपर्यंत परत माइकला हात लावला नाही. बोलणं कमी केलं, आवाज उतरवला, आणि एकदा बोललेलं परत बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. ‘मग गिऱ्हाइकाला कळायचं कसं?’ काकू म्हणाल्या. ‘म्हणून मी आपली मागून शेपूट लावते.’

मला एकदम आठवलं. आमच्या कँटीनमध्ये कुणी घरच्या फोनवर हळू आवाजात बोलू लागला की बाकीचे ओरडतात, ‘चेवडो लावजो, साहेब,’ म्हणजे चिवडा आणा. मी नोकरीला लागले तेव्हापासून हे ऐकत होते. का म्हणतात ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटायचं गुजरातीतली एखादी जुनी म्हण असेल. एवढी वर्षं ते वाक्य त्या शेडमधून फिरत होतं. मी हे काकूंना सांगितलं आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

‘आणि चेवडा?’ मी विचारलं.

लिलो चेवडो म्हणजे आमच्या बडोद्याचा ओलसर, गोडसर चिवडा. पाहुणा गावाला निघाला की त्याच्या पिशवीत हा जातोच.

‘कसला चेवडा. हे मान खाली घालून मागच्या रस्त्याने घरी आले. आणायचं सुचणार कुठून? तो काही आला नाही.’ काकूंनी टोपली परत पुढे ओढली. ‘मीही मग कधी मागितला नाही. मागितला असता तर त्यांना तो दिवस आठवला असता. बडोद्यात राहून आमच्या घरात चेवडा येत नाही, सांग कुणाला पटेल?’ हे त्या हसतच म्हणाल्या, पण शेंगा जरा जोरात मोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. साउंड चेक दुपारी होता. मैदानावर मांडववाले बांबू बांधत होते, ऊन रणरणत होतं. माझी गिटार जोडली, पेडल चालू केलं आणि चलती वाजवली. हात बरोबर पडत होता. स्टेजवर सगळं झकास. भाई आवाज ऐकायला मैदानाच्या पार मागच्या टोकाला गेले होते, तिथल्या स्पीकरच्या खांबांपाशी. माझा फोन वाजला.

‘बेन, आ बधुं बे-बे वार संभळाय छे. तारुं पेडल बंध कर.’

सगळं दोन-दोनदा ऐकू येतंय म्हणे. मी पेडल बंद केलं. गिटार बंद पेडलवरही त्यांना दोनदाच ऐकू येत होती, पण पेडलसकट जो चिखल होत होता त्यापेक्षा ते बरं, असं भाईंचं म्हणणं पडलं. म्हणाले, राहू दे, तुझा भाग कीबोर्डवर घेऊ, तू ह्या वर्षी प्रेक्षकांत बसून मजा कर. मी स्टेजच्या पायरीवर बसले. मनात पहिला विचार हाच आला, की उजवा डबा घेतला असता तर. तो मऊ होता, ह्या गोंधळात मिसळून गेला असता, कुणाला काही कळलं नसतं. स्वतःची चूक ऐकायला गेले आणि जागा घालवून बसले. शहाणपणाचा असा राग मला आयुष्यात आला नव्हता.

मी दुकानात फोन लावला. तो नेहमीप्रमाणे काकूंनी उचलला. मी काय झालं ते सांगितलं, बहुधा रडतच. काकू कुणाशी तरी बोलल्या आणि परत फोनवर आल्या. ‘हे चप्पल घालतायत,’ त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात रिक्षातून दोघं उतरली. काका मैदान ओलांडून थेट मागच्या खांबापाशी गेले. तिथे भाई उभे होते. त्यांना बाजूला करून काकांनी खांबाला पाठ लावली आणि स्टेजकडे चालायला लागले. भर उन्हात, ओठ हलवत, बांबूंना वळसा न घालता त्यांवरून पाय टाकत. स्टेजला पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

‘एकशे वीस,’ ते म्हणाले. ‘पाव सेकंद.’

मग ते साउंडवाल्या मुलाकडे गेले. घोळ सोपा होता. मागचे स्पीकर आवाज लगेच ऐकवतात आणि स्टेजचा आवाज हवेतून तिथवर चालत यायला पाव सेकंद घेतो, म्हणून मागच्या माणसाला सगळं दोनदा ऐकू येतं. उपाय एवढाच, की मागचे स्पीकर पाव सेकंद थांबवून ठेवायचे. साउंडवाल्याच्या मशिनमध्ये ती सोयही होती. पण स्टेज ह्या वर्षी बरंच मागे सरकवलं होतं आणि आकडा मागच्या वर्षीचाच राहिला होता. म्हणजे मैदानच एक मोठं डिले पेडल होऊन बसलं होतं, चुकीच्या वेळेला लावलेलं. माझा डबा बिचारा निर्दोष होता.

आकडा बदलला. काका म्हणाले, ‘आता बोलून बघायचं.’

गायक संध्याकाळी येणार होते. मी माइक उचलला, तोच माझा फोन वाजला. काकू भाईंबरोबर मागच्या टोकाला उभ्या होत्या आणि भाईंच्या फोनवरून बोलत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

‘तू नको,’ काकू म्हणाल्या. ‘ह्यांना बोलू दे. ह्यांचा आवाज मी कुठेही ओळखते. दोनदा आला तर लगेच कळेल मला.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे. काकूंनी आदल्या दिवशी सांगितलेलं सगळं मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी माइक पुढे केला. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी समजले असते, जागा गेली तरी. पण त्यांनी माझ्या पायापाशी पडलेल्या पेडलकडे एकदा पाहिलं आणि माइक घेतला.

एक-दोन-तीन एवढंच तर म्हणायचं होतं. मांडववाले काम थांबवून बघायला लागले.

‘येताना लहरीपुऱ्याहून लिलो चेवडो आणतो,’ काका माइकमध्ये म्हणाले. ‘पण रागावू नकोस. तू रागावलीस की मला जेवण जात नाही.’

त्यांचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चांगला भरदार होता. सगळ्या मैदानावरून तो गेला आणि संपला. लांब खांबापाशी काकूंची पिवळी साडी दिसत होती, ती हलली नाही. फोनवरूनही काही येईना. आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या वाक्याला शेपूट लागलं नव्हतं.

मग भाईंचा आवाज आला. ‘एक ज वार संभळायुं. एकदम चोख्खुं. बेन, पेडल चालु राख.’

एकदाच, स्वच्छ ऐकू आलं होतं. माझी जागा राहिली. एवढा आनंद मला परत कधी झाला असेल तर आठवत नाही. पण भाई अजून बोलत होते.

‘अने काकी कहे छे, आ वखते खरेखर लावजो.’

काकांनी माइक खाली ठेवला. बटण बंद आहे ना, हे दोनदा तपासलं. मग माझ्याकडे वळले.

‘काय म्हणाली?’ त्यांनी विचारलं.

फोन स्पीकरवर होता आणि त्यांच्या हातापाशीच होता. त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं होतं.

‘ह्या वेळी खरंच आणा, म्हणाल्या,’ मी सांगितलं.

‘परत सांग,’ काका म्हणाले.

मी परत सांगितलं.